चौदा खाल्ले, तरी उभ्या राहिल्या

इथे जयपूरच्या जगतपुऱ्यात खेळ म्हटला की लोक शूटिंग रेंजकडे बोट दाखवतात. पॅरा नेमबाज अवनी लेखरा तिथेच घडली, त्यामुळे चूक त्यांची नाही. मी मात्र मोबाईलवर मालदीवच्या महिला फुटबॉल संघाचे स्कोअर शोधत बसतो. घरचे म्हणतात, हे काय नवीन खूळ!

जेमतेम पाच लाख वस्तीचा देश. बेटं हजाराच्या वर, माणसं राहतात ती दोनशेच्या आसपास. सरावाला जमायचं म्हणजे कुणी बोट पकडणार, कुणी विमान.

2022 च्या दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धेत काठमांडूला भारताने त्यांना 9-0 ने हरवलं. 30 डिसेंबर 2024 ला बेंगळुरूत तर 14-0. लिंडा कोमचे एकटीचे चार. अशा हारीनंतर बूट बांधायलाही हात उचलत नाही. तीनच दिवसांनी, 2 जानेवारीला, पुन्हा तोच भारत समोर. निकाल 11-1.

त्या 1 साठी ही पोस्ट. आपल्या अकरा गोलांचं कौतुक सगळ्यांनी केलंच आहे.