पायांची चाल आणि मनाची उमेद

आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस गल्ल्यामागे बसून जातो. सकाळी दुकान उघडावे, रात्री रोजमेळ जुळवून घरी यावे. मध्ये फार तर वखारीपर्यंत जाणे. अशा बैठ्या आयुष्यात एखाद्याचे मन काळवंडू लागले, तर तो ते बोलून दाखवीत नाही. मालाची टंचाई उघड सांगता येते; मनाची सांगितली तर पत जाईल, ही धास्ती. मग ‘पित्त झाले’, ‘झोप नाही’ एवढ्यावरच वेळ निभावली जाते.

या संकोचाला शास्त्राचा आधार नाही. स्मृती व भावना यांच्याशी निगडित असा हिपोकॅम्पस नावाचा मेंदूचा एक लहान भाग आहे. दीर्घकाळ नैराश्य भोगणाऱ्यांत तो सरासरीने काहीसा आकसलेला आढळतो. चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या या भागात नव्या पेशी अधिक निर्माण होतात, असे १९९९ साली अमेरिकेतील साल्क संस्थेत दिसून आले. प्रौढ माणसात तसे कितपत घडते, याविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे. तथापि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वयस्कांपैकी निम्म्यांना आठवड्यातून ३ दिवस, ४० मिनिटे भरभर चालविले. वर्षअखेर त्यांचा हा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. केवळ अंग ताणण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांचा घटला. वार्धक्यात मुद्दल राखणेही कठीण, तेथे ही वाढ!

ड्यूक विद्यापीठात नैराश्याच्या १५६ वयस्क रुग्णांवर झालेल्या प्रयोगात १६ आठवड्यांअखेर व्यायामाचा गुण औषधाइतकाच आला. औषध मात्र लवकर लागू पडले.

आपल्या गोव्यातही १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेच्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी मोजक्या भेटींत बोलून त्यांना पुन्हा हालचालीस व कामास लावले. तो व्यायामाचा प्रयोग नव्हे, पण सूत्र जवळचे. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार ३ महिन्यांनी त्यांतील ६४ टक्के बरे झाले, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के.

ज्याला अंथरुणातून उठवतच नाही, त्याला ‘फिरायला जा’ म्हणणे निष्ठुरपणाचे. त्याला घरच्या कोणी सोबत करून बांबोळीच्या मनोविकार संस्थेत न्यावे, आणि चालू औषध परस्पर बंद करू देऊ नये. इतरांना दुकान उघडण्यापूर्वी बायणाचा किनारा मोकळाच असतो. चाल मात्र अशी हवी की, सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.