फासा, चुगलखोर मित्र आणि आठ संच

फासा पडलाय, पण तो तुम्हाला दिसत नाही. मित्र डोकावतो आणि एवढंच सांगतो: १-२ पैकी, ३-४ पैकी की ५-६ पैकी. आता "चारपेक्षा जास्त पडलं का?" याचं उत्तर पक्कं देता येतं. "सम आहे का?" याचं नाही!

म्हणजे सहा आकड्यांचे तीन तुकडे झाले. एकही तुकडा न घेता, एखादा घेऊन किंवा अनेक जोडून जे संच होतात ते २×२×२, म्हणजे ८. रिक्त संच आणि अख्खा संच त्यातच आले. कोणत्याही संचाचा पूरक घ्या, दोघांचा संयोग घ्या, या आठांच्या बाहेर जाताच येत नाही. मेझर थिअरीत याला विभाजनातून निर्माण झालेलं संचांचं बीजगणित म्हणतात. (शाळेतल्या क्ष-यशी याचा संबंध नाही, घाबरू नका.)

मला खरी मजा उलट्या बाजूने वाटते. कोणतंही सांत बीजगणित घ्या, त्यामागे असं विभाजन लपलेलं असतंच. एक बिंदू धरा, तो ज्या ज्या संचांत आहे त्या सगळ्यांचा छेद घ्या: त्याचा तुकडा हाती येतो. म्हणून अशा बीजगणितात ४, ८, १६ संच असू शकतात; ६ किंवा १० कधीच नाहीत. मूळ संच अनंत असला तरी हेच. संख्यारेषेचे ऋण, शून्य, धन असे तीन तुकडे केले तरी संच आठच.

आणि फाशाच्या सहा आकड्यांवर अशी एकूण बीजगणितं किती? २०३.