वूफर नव्हे, खोकं बोलतं!

संध्याकाळी वाटूर फाट्यावर चहा घेत उभे राहा. जालना-मंठा रस्त्यावरून येणारा एखादा पिकअप दिसायच्या आधी ऐकू येतो. गाणं कोणतं ते कळत नाही, नुसतं 'धब्ब धब्ब' आणि मागोमाग नंबर प्लेटची खडखड. तुम्ही म्हणाल, वूफर भंगार असेल. बऱ्याचदा वूफर चांगलाच असतो राव, घोळ खोक्यात असतो.

वूफरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे एकच स्पीकर दोन उलटे आवाज काढतो. 40 हर्ट्झच्या बासची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेला दहा इंचांच्या स्पीकरला वळसा घालणं म्हणजे काहीच नाही. पुढची आणि मागची लाट भेटतात, एकमेकींना खाऊन टाकतात आणि बास गायब! खोकं या दोघींना वेगळं ठेवतं. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखं काम करते, तेही वेगळंच.

खोक्याला पाइप लावला तर प्रकार बदलतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो 'हूंऽऽ' येतो, तेच इथे घडतं. पण पाइपची लांबी आणि खोक्याचं माप एकमेकांशी जुळावं लागतं, आणि खोकंही मोठं लागतं. सिंगल केबिनच्या पिकअपमध्ये सीटमागे जागा किती, हे तुम्हाला माहीत आहेच. तिथे बंद खोकं बरं.

आता टेप घ्या. सीटची पाठ तिरकी, म्हणून खोकंही खाली जाड आणि वर निमुळतं. समजा, आतून उंची 14 इंच, लांबी 18, खालची खोली 8 आणि वरची 6. सरासरी खोली 7. मग 7 गुणिले 14 गुणिले 18 म्हणजे 1764 घन इंच. त्याला 1728 ने भागा: जवळपास 1 घनफूट. वूफरसोबतच्या कागदावर कंपनीने किती आकारमान सांगितलंय ते पाहा आणि स्पीकर स्वतः आत जेवढी जागा खातो तेवढी वजा करा.

इथेच बहुतेकांची गाडी घसरते. सुताराला हीच मापं दिली आणि त्याने ती बाहेरून धरली, तर पाऊण इंची प्लाय दोन्ही बाजूंनी आत शिरतो. उरतं साडेपाच गुणिले साडेबारा गुणिले साडेसोळा, म्हणजे 0.66 घनफूट. एक तृतीयांश जागा गेली! खोकं लहान झालं की खोल बास पातळ होतो आणि वरचं 'बूम' तेवढं उरतं. फाट्यावरचं 'धब्ब' ते हेच. त्यामुळे सुताराला "आतून माप" हे दोन शब्द कागदावर लिहूनच द्या.

चुंबकाची खोलीही तपासा, नाहीतर वूफर मागच्या फळीला टेकेल. पिकअपसाठी कमी खोलीचे वूफर मिळतात. एमडीएफ कापायला सोपं, पण पाण्याने फुगतं; पावसाळ्यात मोसंबी वाहणाऱ्या गाडीत चांगला प्लायच लावा. सांध्यांना भरपूर फेव्हिकॉल, जवळजवळ स्क्रू आणि आतून सिलिकॉन.

वायरिंगच्या बाबतीत मात्र जुगाड नको. डब्यावरचा '2000 वॅट' विसरा, आरएमएसचा आकडा वाचा. खरे 400 वॅट हवे असतील तर बॅटरीतून किमान 30 अँपिअर ओढले जातात, अ‍ॅम्प्लिफायरचा तोटा धरला तर आणखी जास्त. बारीक वायर तापते, वितळते, पेटते. वायर जाड हवी आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. हप्ते फिटायचे असलेली गाडी तीनशे रुपयांच्या वायरीपायी जाळायची का?

आणि कान? 85 डेसिबलमध्ये आठ तास चालतात, पण दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. बंद केबिनमध्ये तो आकडा गाठणं अवघड नाही, आणि तेव्हा मागून येणारी रुग्णवाहिका ऐकूच येत नाही. वरातीत मागच्या हौद्यात भिंत रचणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण नियम त्यांनाही आहेत: 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. परीक्षेच्या आदल्या रात्री गल्लीत डीजे आला की हे आकडे आपल्याला बरोबर आठवतात.

खोकं तयार झालं की गोंद एक दिवस वाळू द्या. मग वूफर बसवून पडदा बोटांनी हलकेच, सगळीकडून सारखा दाबा आणि सोडा. सावकाश परत आला तर खोकं हवाबंद. झटकन उसळला तर कुठेतरी फट आहे. ती शोधायला बास हळू लावा आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवा. धूर जिथे थरथरेल, तिथे सिलिकॉनचा आणखी एक हात द्या.