१०० पैकी ९८ निनावी: रेणूंची भाषा वाचायला संगणक कसा शिकला?

चहाचा एक थेंब घ्या. आपल्याला त्यात चव, रंग आणि वास कळतो. प्रयोगशाळेतल्या यंत्राला त्याच थेंबात शेकडो रेणूंच्या खुणा दिसतात. पण त्यांतल्या बहुतेकांचे नाव सांगता येत नाही. २०१५ साली अमेरिकेतील संशोधकांनी याचा हिशेब मांडला. अशा व्यापक तपासणीत मिळणाऱ्या खुणांपैकी सरासरी १.८ टक्क्यांनाच ओळख देता येत होती. बाकीच्या सुमारे ९८ टक्के निनावी!

या निनावी रेणूंचा शोध घेणाऱ्या शास्त्राला संगणकीय मेटाबोलोमिक्स म्हणतात. आमच्या वाचकांत रसायनशास्त्र, फार्मसी आणि संगणक शिकणारे अनेक तरुण आहेत. त्यांना या क्षेत्राची ओळख व्हावी, म्हणून हा लेख.

यंत्र नेमके काय करते?

आपल्या शरीरात, झाडात, जिवाणूत सतत चयापचय चालू असतो. त्यात तयार होणारे छोटे रेणू म्हणजे मेटाबोलाइट. साखर, आम्ले, रंगद्रव्ये, विषे, औषधी द्रव्ये असे सगळे त्यात येते. मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंवर विद्युतभार चढवतो आणि त्यांचे वस्तुमान अतिशय बारकाईने मोजतो.

पण नुसत्या वजनावरून ओळख पटत नाही. कोकोमधले थिओब्रोमिन आणि दम्यावर दिले जाणारे थिओफिलिन यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. यंत्रात दोघांचाही आकडा १८१.०७ येतो. मग काय करायचे? रेणू फोडायचा. फोडल्यावर थिओब्रोमिनमधून १३८ चा तुकडा ठळकपणे मिळतो, तर थिओफिलिनमधून १२४ चा. वजन सारखे असले तरी तुकडे वेगळे पडतात. तुकड्यांच्या या नक्षीलाच स्पेक्ट्रम म्हणतात. एका नमुन्यातून असे हजारो स्पेक्ट्रम मिळतात. माणसाने एकेक वाचायचा म्हटला तर आयुष्य पुरणार नाही. इथे संगणक लागतो.

भाषेचे तंत्र रेणूंसाठी

नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठाचे जस्टिन व्हॅन डर होफ्ट हे या क्षेत्रातले महत्त्वाचे नाव. त्यांच्या कामाची कल्पना सोपी, पण फार सुंदर आहे.

वर्तमानपत्रातील हजारो बातम्या संगणकाला दिल्या, तर ‘धाव’, ‘बळी’, ‘षटक’ हे शब्द एकत्र येतात हे त्याच्या लक्षात येते. त्याला क्रिकेट माहीत नसते, तरी तो या बातम्यांचा विषय वेगळा काढतो. मजकुरातून विषय शोधण्याची अशी एक पद्धत २००३ मध्ये मांडली गेली. व्हॅन डर होफ्ट ग्लासगो विद्यापीठात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तीच रेणूंना लावली. स्पेक्ट्रम म्हणजे बातमी, तुकडा म्हणजे शब्द, आणि वारंवार एकत्र येणारे तुकडे म्हणजे रेणूचा एखादा ठराविक भाग. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीचे नाव एमएस-टू-एलडीए.

याचा फायदा काय? पूर्ण रेणू अनोळखी असला तरी त्यात साखरेचा घटक आहे, किंवा फेरुलिक आम्लाचा भाग आहे, एवढे तरी कळते. माणसाचे नाव कळले नाही तरी बोलण्यावरून गाव कळावे, तसे हे आहे.

२०२१ मध्ये फ्लोरियन ह्युबर आणि व्हॅन डर होफ्ट यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले. कोणते शब्द कोणाच्या सोबतीने येतात, यावरून शब्दांचे नाते ओळखणारे वर्ड-टू-व्हेक हे तंत्र आधीच होते. त्या धर्तीवर त्यांनी स्पेक-टू-व्हेक तयार केले. दोन स्पेक्ट्रममधले तुकडे तंतोतंत जुळत नसले, तरी त्या रेणूंची रचना मिळतीजुळती आहे का, याचा अंदाज त्यातून अधिक चांगला येतो.

यादीत नाही म्हणजे अस्तित्वातच नाही?

स्पेक्ट्रम ओळखण्याचा जुना मार्ग म्हणजे संदर्भसंग्रहाशी तुलना. त्यात नोंद करायची तर आधी तो रेणू शुद्ध स्वरूपात हाती हवा. जो विकत मिळत नाही, ज्याच्यावर कोणी काम केले नाही, त्याची नोंदच होत नाही. मग पुढच्या प्रत्येक तपासणीत तो ‘अज्ञात’ ठरतो. यादी कोणी केली आणि कशाची केली, यावर काय दिसणार हे ठरते. नोंद नसणे हा त्या रेणूचा दोष नव्हे, यादीचा आहे.

दार कोणासाठी उघडे आहे?

हे यंत्र महाग आहे. चांगल्या यंत्राची किंमत कोटींच्या घरात जाते. आपल्याकडच्या साध्या महाविद्यालयाला ते परवडत नाही. पण माहितीचे विश्लेषण करायला यंत्र जवळ असावेच लागत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतून जीएनपीएस हा खुला मंच चालतो. जगभरचे संशोधक आपले स्पेक्ट्रम तिथे ठेवतात. २०१६ च्या त्याच्या मूळ शोधनिबंधावर शंभराहून अधिक संशोधकांची नावे आहेत. स्पेक-टू-व्हेक शिकवण्यासाठीही याच मंचावरचे स्पेक्ट्रम वापरले गेले. वर सांगितलेली साधने मोफत आहेत आणि त्यांचा कोडही खुला आहे. पायथन शिकलेला, रसायनशास्त्राचा पाया पक्का असलेला तालुक्याच्या गावातला विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर खरी माहिती घेऊन सराव करू शकतो. रसायनशास्त्रवाला आणि संगणकवाला असे दोन मित्र एकत्र बसले तर आणखी उत्तम.

दावा तपासायला शिका

संगणकाने सुचवलेले नाव म्हणजे पुरावा नव्हे. २००७ मध्ये या क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी ओळखीच्या चार पायऱ्या ठरवल्या. शुद्ध नमुन्याशी प्रत्यक्ष ताडून पाहिलेली ओळख पहिली. संग्रहाशी साम्यावरून दिलेले नाव दुसरी. फक्त रेणूचा वर्ग कळला तर तिसरी. आणि चौथी म्हणजे अज्ञात.

उद्या एखाद्या चूर्णाच्या जाहिरातीत ‘आधुनिक यंत्राने अमुक औषधी द्रव्य सापडले’ असे वाचले, तर विचारा: ही ओळख कोणत्या पायरीवरची? आणि सापडले म्हणजे रोग बरा होतो, हे कुठे सिद्ध झाले? ‘अजून माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिण्यासाठी या शास्त्राने एक पायरी राखून ठेवली आहे. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी साधनांबरोबर ही सवयही उचलावी, असे आम्हाला वाटते. ९८ टक्के काम बाकी आहे. हात हवे आहेत.