इफ्तारला पाऊण तास

रांजणगावच्या एमआयडीसीत जनरल शिफ्ट सुटते, कंपनीची बस गेटबाहेर पडते आणि नगर रस्त्याला लागते. बसमधली रोजेदार बाई एक नजर आभाळाकडे टाकते, एक मोबाइलच्या घड्याळाकडे. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये या भागात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. बस सहाला शिरूरला पोचली, तर हातात पाऊण तास उरतो. रस्त्यात कुठे वाहतूक तुंबली, तर तेवढाही उरत नाही. त्या पाऊण तासात घर गाठायचे, वुजू करायचा, ओट्याशी उभे राहायचे आणि मगरिबच्या अजानीआधी दस्तरखान सजवायचे. पहाटे साडेचारला सहेरीसाठी ती सगळ्यांच्या आधी उठलेली असते आणि तेव्हापासून पाण्याचा घोटही पोटात गेलेला नसतो.

भीमेच्या पलीकडे दौंडमध्येही हीच घाई असते, फक्त घड्याळ वेगळे. इथे दिवस रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतो. पुण्याला नोकरीसाठी जाऊन-येऊन करणारे संध्याकाळच्या गाडीतच खजूर तोंडात टाकून रोजा सोडतात आणि मग घरी पोचतात. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत पाळ्या फिरत्या असतात. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी. दुसऱ्या पाळीतल्या माणसाचा इफ्तारचा डबा दुपारीच भरून द्यावा लागतो आणि रात्रपाळीवाल्याला सहेरीचा. एकाच घरात दोघे कमावते असतील आणि दोघांच्या पाळ्या वेगळ्या असतील, तर चुलीला विसावा कसा तो मिळत नाही.

मग वाटेत मोहल्ल्याच्या तोंडाशी गाड्या दिसतात. गरम समोसे, कांदाभजी, जिलेबी, कापून ठेवलेले कलिंगड. शेजारच्या किराणा दुकानात नूडल्सची पाकिटे, गोठवलेले कबाब, तयार आले-लसूण पेस्ट. थकलेला हात आपोआप पिशवी पुढे करतो. घरी ते ताटात मांडताना मात्र मनाला टोचते: आज घरचे काहीच केले नाही. कधी सासूच्या नजरेत ते दिसते, कधी कुणी काही बोलतही नाही, पण बाई स्वतःच स्वतःला बोल लावते. रमजानचा महिना आणि मुलांच्या पुढ्यात बाजारचे खाणे!

हा अपराधीपणा एका घरापुरता नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाचा हिशेब आहे. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे तिचे जवळपास पाच तास आणि त्याचा जेमतेम दीड तास. आकडे सगळ्या देशाचे आणि सगळ्या समाजांचे आहेत. रमजानमध्ये या पाच तासांत सहेरी आणि इफ्तारची भर पडते. कंपनीतले आठ तास मात्र तेवढेच राहतात.

तयार पदार्थ काही आजचे नाहीत

'बाजारचे' म्हणून ज्याला नाक मुरडले जाते, त्यातले बरेच काही रमजानच्या घरात पूर्वीपासून मानाने नांदते आहे. सहेरीला दुधात भिजवलेली फेणी खातात. ती घरी कोण करते? बेकरीतून किंवा मिठाईवाल्याकडून आणतात, दूध-साखर घातली की वाटी तयार. पहाटेच्या अर्ध्या झोपेत करता येईल असा तो तयार पदार्थच आहे. इफ्तारच्या दस्तरखानावरचे लाल गुलाबी सरबतही बाटलीतूनच येते. पाव, खारी, टोस्ट हेही बेकरीचेच. शेवया, पापड, कुरडया आणि वर्षाचा मसाला यांचेही तेच. उन्हाळ्यात चार बायका एकत्र बसून गच्चीवर वाळवणे घालायच्या ती पुढच्या थकलेल्या दिवसांची तरतूद होती. पाकिटाऐवजी डबा होता, एवढाच फरक.

पाकिटांचा इतिहासही पुणे जिल्ह्याला परका नाही. घराघरांत गुलाबजामच्या तयार पिठामुळे ओळखले जाणारे 'गिट्स' हे नाव १९६३ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कंपनीचे. गिलानी आणि तेजानी या संस्थापकांच्या आडनावांतून ते तयार झाले. १९८३ मध्ये मॅगी भारतात आली आणि 'दोन मिनिटांत' हा शब्द मुलांच्या तोंडी बसला. शिरूर तालुक्याचा संबंध तर आणखी जवळचा. देशभरातल्या स्वयंपाकघरांत पोचणारे एलजी आणि व्हर्लपूलचे फ्रिज रांजणगावातही बनतात. दिवसभर असेंब्ली लाइनवर फ्रिजचे दार बसवणाऱ्या हातांना घरी गेल्यावर त्याच फ्रिजमधली कालची तयारी तारून नेते.

तेव्हा घरचे की बाजारचे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. कोणती वस्तू आणल्याने वेळ वाचतो आणि कोणत्या वस्तूने रोजेदाराचे शरीर आणखी शिणते, एवढे पाहिले तरी पुरे.

काय आणावे, काय टाळावे

दही, पनीर, पाव, फेणी, खजूर, भाजलेले चणे, सोललेला लसूण, निवडलेली पालेभाजी हे आणण्यात कमीपणा नाही. यात कष्ट वाचतात आणि खाणाऱ्याचेही नुकसान होत नाही. फळे मात्र अख्खी आणावीत. कापून उघड्यावर ठेवलेल्या कलिंगडावर धूळ बसते, माश्या बसतात आणि मार्चच्या उन्हात ते लवकर बिघडते. पाच मिनिटांच्या कापाकापीसाठी पोट बिघडवून घेण्यात शहाणपण नाही.

नूडल्स आणि तयार सूपच्या पाकिटांत मीठ बरेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षाही थोडे कमी मीठ खावे. पाकिटामागे 'सोडियम' या शब्दापुढचा आकडा वाचायची सवय लावावी. दिवसाची सोडियमची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आत आहे. खारट खाण्याने तहान वाढते, म्हणून सहेरीला नूडल्स, लोणचे, पापड नकोतच. इफ्तारनंतर कधी मुलांसाठी नूडल्स केल्याच, तर मसाल्याची पुडी अर्धीच घालावी आणि त्यात गाजर, मटार, एखादे अंडे टाकावे.

खरी काळजी तळणीची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाच्या हातात मोजायचे यंत्र नसते, पण डोळे आणि नाक असते. कढईतले तेल काळपट झाले आहे, त्यावर फेस येतो आहे, धूर डोळ्यांना झोंबतो आहे, असे दिसले की पुढची गाडी बघावी. घरच्या कढईलाही हाच नियम लागू आहे. काल तळून उरलेले काळे तेल आज पुन्हा तापवले, तर तो समोसा 'घरचा' झाला म्हणून पोटाला मानवत नाही.

गोठवलेले कबाब किंवा नगेट्स घ्यायचे तर हलालचा उल्लेख, तारीख आणि दुकानातला फ्रीजर नीट चालतो का, हे पाहावे. गोठवलेले अन्न उणे १८ अंश सेल्सिअसला किंवा त्याहून थंड राहायला हवे. वीज बराच वेळ जाऊन पाकीट विरघळले असेल, तर ते पुन्हा गोठवून ठेवू नये.

रोजा खजुरावर, जेवण नमाजनंतर

पाऊण तासाचा ताण येतो तो एका समजुतीमुळे. अजान होईल त्या क्षणी दस्तरखानावर सहा पदार्थ मांडलेले हवेत, असे घरोघरी ठरून गेले आहे. धर्माने तशी अट घातलेली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मगरिबच्या नमाजआधी ताज्या खजुरांवर रोजा सोडत. ते नसले तर सुक्या खजुरांवर आणि तेही नसले तर पाण्याच्या काही घोटांवर, असे हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. सुरा अल-बकरामध्ये रोजांचा आदेश येतो तिथेच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे आणि अल्लाहला माणसासाठी सुलभता हवी असल्याचेही सांगितले आहे.

हा क्रम पाळला तर संध्याकाळ सैल होते. घरी पोचताच तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन भिजत घालावी. अजान झाली की खजूर आणि पाण्यावर रोजा सोडावा, सोबत एखादे फळ. कुकर मंद आचेवर ठेवून घरातल्या कुणालातरी शिट्ट्या मोजायला सांगावे आणि मगरिब पढावी. नमाज आटोपते तोवर खिचडी होत आलेली असते. वर दही, कांदा, लिंबाची फोड. दिवसभराच्या उपाशी पोटाला हे जेवण पाच तळलेल्या पदार्थांपेक्षा हलके पडते आणि तरावीहच्या नमाजला उभे राहताना जडपणा येत नाही.

बाकीची तयारी आदल्या रात्रीची. तरावीहनंतर चणे भिजवून फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या संध्याकाळी कुकरमध्ये लवकर शिजतात. कांदा, लिंबू, कोथिंबीर टाकली की चाट झाली. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कांदा-टोमॅटोचा मसाला परतून डब्यांत भरून गोठवावा. त्यातला एक डबा काढला की कधी खिमा, कधी अंडाकरी, कधी मटकीची उसळ. त्याच दिवशी खिम्याचे किंवा बटाट्याचे समोसे कच्चेच भरून फ्रीजरमध्ये ठेवले, तर मुलांनी हट्ट केला त्या संध्याकाळी चारच काढून ताज्या तेलात तळता येतात. शिजवलेले अन्न उन्हाळ्यात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, फ्रिजमध्ये टाकावे आणि पुन्हा खाताना वाफ येईपर्यंत गरम करावे. दुसऱ्या पाळीच्या डब्यात रस्सा देण्यापेक्षा खजूर, उकडलेले अंडे, चपातीची गुंडाळी आणि केळे द्यावे. डबा उघडताच खाता येतो आणि उन्हात आंबण्याची भीती कमी.

सहेरीला ज्वारीची भाकरी आणि दही किंवा डाळ असली की भूक बराच वेळ लागत नाही. भाकरी रात्रीच करून ठेवली तरी चालते. शिळी भाकरी दुधात कुस्करून खाणे ही तर या मुलखाची जुनी न्याहारी. फेणीला आठवड्यातून दोन-तीन दिवस द्यावेत, रोज नको. तिच्या गोडाने पोट भरल्यासारखे वाटते, पण दहा वाजता पुन्हा भूक लागते.

शिट्ट्या मोजणारा कोण?

हे सगळे एकाच बाईने करायचे असेल, तर सुट्टीचा दिवसही कामातच जाईल आणि फ्रिज भरूनही ती थकलेलीच राहील. 'घरातल्या कुणालातरी शिट्ट्या मोजायला सांगावे' या छोट्या वाक्यात खरा प्रश्न दडला आहे. तो 'कुणीतरी' कोण?

प्रेषित (स.) घरी असताना काय करत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले. ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे त्यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत आले आहे. दाढी, टोपी, मिसवाक या सुन्नती आवडीने पाळल्या जातात. कांदा सोलण्याची ही सुन्नत मात्र अनेक घरांत विसरली गेली आहे. पहिल्या पाळीवरून दुपारी साडेतीनला घरी आलेला नवरा चणे शिजत लावू शकतो. मशिदीतून येताना फळे आणणारा मुलगा ती धुऊन कापूही शकतो. शाळकरी मुलीलाच ताट-वाट्या मांडायला सांगायचे आणि मुलाला मोबाइल पाहत बसू द्यायचे, हा रिवाज रमजानमध्ये मोडायला काय हरकत आहे? सबुरी शिकवणारा हा महिना घरातल्या एकट्या बाईच्या सबुरीवर तोलून धरू नये.

काही घरांत असे होऊ लागले आहे. कुठे सून कंपनीत असते म्हणून सासरे दुपारी मसूर निवडून भिजवतात. कुठे शेजारच्या दोन घरांनी वार वाटून घेतले आहेत, एका दिवशी चाट इकडून तर दुसऱ्या दिवशी डाळ तिकडून. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला त्या रोजेदाराइतकेच पुण्य मिळते, अशी श्रद्धा आहे. थकून येणाऱ्या शेजारणीकडे गेलेली डाळीची वाटीही त्यात मोजली जात असेल.

पुढे ईदचा शिरखुर्मा येईल. शेवया बाजारच्या असतील, दूध डेअरीचे असेल, काजू-बदाम पाकिटातले असतील. तरी त्याला कुणी बाजारचा म्हणत नाही, कारण आदल्या रात्री घरातले सगळे मिळून सुकामेवा कापत बसतात. रमजानच्या रोजच्या संध्याकाळीही असेच चार हात पुढे आले, तर शिरूरच्या स्टँडवर बसमधून उतरणाऱ्या बाईला घड्याळाकडे इतके पाहावे लागणार नाही. घरी पोचेल तेव्हा कुकर गॅसवर असेल. तिने फक्त वुजू करावा, बसावे आणि अजानची वाट पाहावी.