जिन्याखालच्या चेतकचं रसायन

नारायण पेठेतल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. पती-पत्नी सहा महिने मुलाकडे अमेरिकेत होते आणि त्यांची जुनी बजाज चेतक तेवढा काळ वाड्याच्या जिन्याखाली उभी होती. परत आल्यावर किक मारून मारून पाय भरून आला, पण गाडी हूं की चूं करायला तयार नाही. ‘जाताना उत्तम चालत होती, मध्ये कोणी हातसुद्धा लावलेला नाही. मग बिघडलं काय? हा वीस टक्के इथेनॉलचाच प्रताप ना?’ असं त्यांनी विचारलं आहे. पत्राच्या सुरावरून उत्तर त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं दिसतं.

बर्फाच्या मुलुखात लोक हिवाळ्यात मोटारसायकल झाकून ठेवतात आणि ऊन पडलं की ती जागी करण्याचा एक सोहळाच असतो. पुण्यात थंडीमुळे कोणी गाडी बंद ठेवत नाही. इथं गाड्या उभ्या राहतात त्या मुलांकडच्या मुक्कामामुळे, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे, नाहीतर २५ मार्च २०२० सारख्या एखाद्या तारखेमुळे. त्या टाळेबंदीचा एक योगायोग मला कायम गमतीचा वाटतो. प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले १ एप्रिल २०२० पासून. म्हणजे बहुतेक नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटरची हकालपट्टी झाली नेमकी त्याच आठवड्यात, जेव्हा देशभरातल्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या खराब पेट्रोल साठवत जागच्या जागी उभ्या होत्या.

कारण दुखणं तिथंच असतं. टाकीत नव्हे, कार्ब्युरेटरच्या वाटीत. टाकीत काही लिटर पेट्रोल असतं, वाटीत मात्र जेमतेम काही चमचे. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नसून काही शे हायड्रोकार्बनांचा जमाव. त्यातले हलके साधारण ३० अंशांना उकळतात, तर जड २०० अंशांच्याही पुढे. जळते ती वाफ, द्रव नव्हे. त्यामुळे थंड इंजिन पहिल्यांदा पेटवण्याचं काम या हलक्या मंडळींकडेच असतं आणि वाटीतून सगळ्यात आधी उडून जातात तीच. काही आठवड्यांनी उरतं ते जड, आळशी मिश्रण. चेतक टू-स्ट्रोक असल्यामुळे तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं. ते उडत नाही, तिथंच साचून चिकट होत जातं.

पण नुसतं उडून जाण्यावर भागलं असतं, तर ताजं पेट्रोल येताच गाडी सुरू व्हायला हवी होती. ती होत नाही, कारण दरम्यान वाटीत डिंक तयार झालेला असतो. पेट्रोलमध्ये ओलेफिन नावाचे असंतृप्त रेणू असतात (बीएस-६ च्या साध्या पेट्रोलमध्ये त्यांना २१ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे) आणि हवेतल्या ऑक्सिजनला ते भारी प्रिय. कुठंतरी एका रेणूचा एक हायड्रोजन सुटतो, मुक्तमूलक तयार होतं, ते ऑक्सिजन पकडतं, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतं, मग तो शेजारी मूलक होतो. वाड्यातल्या नळकोंडाळ्यावर एखादी बातमी पसरते तशीच ही साखळी. ऐकणारा प्रत्येक जण लगेच सांगणारा होतो, आणि पहिल्याने काय सांगितलं होतं याला कवडीचं महत्त्व उरत नाही. मधूनच दोन-चार रेणू एकमेकांना चिकटतात आणि जड, पिवळट, वार्निशसारखा वास येणारा थर बसतो. कार्ब्युरेटरच्या आयडल जेटचं भोक असतं अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. ते बुजायला असा कितीसा डिंक लागणार?

मेकॅनिक वाटी उघडून ‘कचरा आलाय’ म्हणतो, तेव्हा पंपावर संशय घेण्याची घाई करू नये. तो कचरा कुठून आलेला नसतो, तिथंच वाढलेला असतो.

आता या साखळीत एक मितभाषी आजोबा बसवा. त्यांच्यापर्यंत बातमी पोचते, ते ‘बरं’ म्हणतात आणि पुढे कोणालाच सांगत नाहीत. बातमी तिथं संपते. पेट्रोल कंपन्या असे आजोबा पेट्रोलमध्ये मुद्दाम घालतात. फेनॉलच्या किंवा अमाइनच्या जातीची ही रसायनं स्वतःचा हायड्रोजन मूलकाला देऊन टाकतात आणि मग स्वतः इतकी निवांत होतात, की पुढच्याच्या वाटेला जात नाहीत. अगदी चिमूटभर पुरतात. त्यांच्याशिवाय पेट्रोलचा व्यवसाय आजच्या रूपात चाललाच नसता, पण ती शोधणाऱ्यांची नावं विचारलीत तर इंजिनियरिंगचे प्राध्यापकही डोकं खाजवतील.

नावं आहेत शार्ल मुरू आणि शार्ल द्युफ्रेस, दोघेही फ्रेंच आणि दोघेही शार्ल. पहिल्या महायुद्धात फ्रेंच लष्कराला डोळ्यांतून पाणी काढणारा वायू हवा होता आणि त्यासाठी ॲक्रोलीन निवडलं गेलं. आपल्याला ते नाकाने ठाऊक आहे. कढईतलं तेल जास्त तापून धूर येतो आणि घरभर खोकला सुरू होतो, त्या धुरातला झोंबरेपणा बराचसा ॲक्रोलीनचा. अडचण एवढीच होती, की भरून ठेवलेलं ॲक्रोलीन काही दिवसांत आपोआप पांढरं, घट्ट आणि निरुपद्रवी होऊन बसे. शत्रूवर टाकायचं अस्त्र कोठारातच गोठून जायचं. पॅरिसमध्ये मुरू-द्युफ्रेस जोडीने त्याचा पाठपुरावा केला तेव्हा लक्षात आलं, की या घट्ट होण्यामागे हवेतला ऑक्सिजन आहे आणि हायड्रोक्विनोनसारख्या फेनॉलचा किंचितसा अंश टाकला तर ऑक्सिजनचा हल्ला थोपवला जातो. हायड्रोक्विनोन म्हणजे फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरायचे तेच. इतका अल्प अंश एवढं मोठं काम करतो याचा अर्थ काय, यावर ते दोघे अडून बसले, हे त्यांचं मोठेपण. युद्ध संपल्यावरही त्यांनी तेल, रबर, आल्डिहाइड अशा एकेका पदार्थावर प्रयोग करून दाखवून दिलं, की खवट होणं, तडकणं, चिकटणं ही एकाच प्रक्रियेची रूपं आहेत. या रक्षकांना त्यांनी ‘अँटिऑक्सिजन’ असं नाव दिलं.

तिकडे अमेरिकेत १९१३ पासून जड तेलाचे रेणू तोडून पेट्रोल बनवायला सुरुवात झाली होती. अशा पेट्रोलमध्ये ओलेफिनांचा सुकाळ असे, त्यामुळे ते साठवलं की डिंक ठरलेलाच. त्यावर इलाज म्हणून १९३० च्या आसपास पेट्रोलमध्ये प्रतिरोधक पडू लागले. मुरू १९२९ मध्येच वारले होते. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्ती १९२१ मध्ये काढणाऱ्या थॉमस मिजलीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि ते शिसं काढून टाकायला आपल्याला २००० साल उजाडलं. मुरू-द्युफ्रेसनी दिलेली गोष्ट मात्र अजून प्रत्येक टाकीत आहे, फरसाणाच्या पाकिटातल्या तेलातही आहे, आणि त्यांची आठवण कोणालाच नाही. अँटिऑक्सिडंटच्या नावाने क्रीम आणि ज्यूस विकणाऱ्यांना तर नाहीच नाही.

आजोबा किती वेळ धीर धरतील, याची एक परीक्षाही असते. पेट्रोलचा नमुना पोलादी भांड्यात ऑक्सिजनच्या सुमारे सातपट वातावरणीय दाबाखाली १०० अंशांवर ठेवतात आणि दाबाकडे पाहत बसतात. बराच वेळ काहीच घडत नाही. मग अचानक दाब घसरतो, म्हणजे प्रतिरोधक खर्ची पडला आणि ऑक्सिजन आत शिरला. भारतीय मानकाप्रमाणे ही घसरण निदान ३६० मिनिटं यायला नको. जिन्याखाली १०० अंश नसतात, म्हणून मिनिटांचे महिने होतात. घट्ट बंद डब्यात पेट्रोल साधारण वर्षभर टिकतं, अर्ध्या रिकाम्या टाकीत काही महिने, आणि कार्ब्युरेटरच्या उघड्या वाटीत काही आठवडे.

यावरूनच ‘जुन्या पेट्रोलला पुन्हा ताजं करणाऱ्या’ बाटल्यांची किंमत ठरवता येईल. पसरून झालेली बातमी परत घेता येत नाही. स्टॅबिलायझर गाडी उभी करण्यापूर्वी, ताज्या पेट्रोलमध्ये घातला तर उपयोगाचा. सहा महिन्यांनी ओतला तर लाभ फक्त दुकानदाराला.

आता इथेनॉल. वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं आणि त्याबरोबर आरोपांचा पूर आला. त्यातला मायलेजचा आरोप हिशेबात बसतो. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे वीस टक्के मिसळल्यावर सहा-सात टक्के ऊर्जा घटणारच. पण ‘इथेनॉल हवेतलं पाणी पितं आणि टाकीत पाणी साचतं’ हा लाडका आरोप आकडे मांडून पाहू. दिवसा टाकी तापते, वाफ बाहेर पडते. रात्री गार झाली की बाहेरची हवा आत येते. उदार हाताने धरू, की रोज १ लिटर हवा आत गेली, तीही ३० अंशांची आणि पूर्ण दमट. अशा लिटरभर हवेत पाणी असतं ०.०३ ग्रॅम. सहा महिन्यांचे झाले साडेपाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर. दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोलसुद्धा लिटरमागे साधारण ५ मिलिलिटर पाणी पोटात मुरवतं, वीस टक्केवालं त्याहून जास्त. टाकीत तीन लिटर असेल तर १५ मिलिलिटरपर्यंत तरी पाणी वेगळं होण्याचं कारण नाही.

पुण्याच्या पावसात गाडी पागोळीखाली उभी असेल आणि टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असेल, तर मात्र हिशेब उलटतो. मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं आणि इंजिनला जाणारी नळी तळातूनच निघते. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहा. दोन थर दिसले तर ते सगळं काढून टाकायचं. नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी लावून पुरात सापडलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक किंवा स्टार्टर मारू नये. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी प्लग काढा.

इथेनॉल अगदीच साळसूद आहे असंही नाही. चेतकच्या पिढीतलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. नळ्या आणि फ्लोटच्या नीडलचं टोक फुगतं, मग कडक होतं. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर ते सोडवतं आणि तो जेटकडे रवाना होतो. पण वाटीतला डिंक त्याच्या माथी मारता येणार नाही. चेतकचे मालक इथेनॉलचं नावही नव्हतं तेव्हापासून कार्ब्युरेटर धूत आले आहेत.

आणि त्यांना एक विद्या अवगत होती. सकाळी गाडी सुरू होईना की स्कूटर एका अंगावर आडवी करायची, क्षणभर तशीच धरायची, उभी करायची आणि किक. १९७२ साली चेतक आली त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांनी हे न शिकवता केलं. त्यात अंधश्रद्धा काही नव्हती. गाडी कलली की फ्लोटची जागा बिघडते, नीडल उघडी राहते आणि वाटीत जास्तीचं पेट्रोल येऊन काही थेट हवेच्या वाटेत सांडतं. हलके रेणू कमी पडत होते ना, मग पेट्रोलच जास्त पाजायचं, म्हणजे एकूण वाफ पुरेशी होते. चोकही हेच करतो, फक्त हवा कमी करून. टाकीत तळाला थोडंच पेट्रोल उरलं असेल तर तेही या कलण्याने नळीपर्यंत पोचायचं. मात्र जेट बुजलेला असेल तर गाडी कितीही लोळवा, प्लग ओला होण्यापलीकडे काही हाती लागणार नाही.

चेतकला एक सुख आहे. तिची ठिणगी मॅग्नेटोवर चालते, म्हणजे किक मारणाराच वीज तयार करतो. आजच्या सेल्फ-स्टार्टवाल्या गाडीची बॅटरी चार-पाच अँपिअर-तासांची असते आणि घड्याळ, अलार्म असल्या फुटकळ गोष्टी गाडी बंद असतानाही थोडी वीज खातात. नुसता १ मिलिअँपिअर धरला तरी सहा महिन्यांत ४.३ अँपिअर-तास होतात. बॅटरी आपोआप उतरते ते निराळंच. उतरलेल्या बॅटरीत लेड सल्फेटचे बारीक स्फटिक विरघळून मोठ्यांवर जाऊन बसतात आणि ते मोठे मग चार्जरला दाद देत नाहीत. म्हणून गावाला जाताना बॅटरीची एक वायर सोडवून ठेवावी, हे साधं काम.

तर पत्रलेखकांनी करायचं ते असं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, पण जिन्याखाली नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरपटत समईपर्यंत किंवा बंबापर्यंत जाते. कार्ब्युरेटर उतरवून जेट धुवायचा तो पेट्रोलने नव्हे, कार्ब्युरेटर क्लीनरने. डिंकाच्या रेणूंना ऑक्सिजन चिकटलेला असल्यामुळे पेट्रोलमध्ये ते नीट विरघळत नाहीत, ॲसिटोनच्या जातीच्या द्रवांत विरघळतात. मेकॅनिक क्लच केबलची तार भोकात घालू लागला तर त्याला थांबवा. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने संसार मांडला नाही ना, तेही पाहून घ्या. पुढच्या वेळी अमेरिकेला जाताना टाकीखालचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होईल. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका, ते मुठेत जातं. स्वच्छ असेल तर दुसऱ्या गाडीच्या भरल्या टाकीत थोडं थोडं खपवता येतं, नाहीतर मेकॅनिकलाच द्या. साखळ्या धुवायला त्याला लागतंच.