सोलरची नवी प्लेट आणि सारवलेलं अंगण
(इयत्ता ४ थी)



आपल्या चांदूर बाजारच्या भागात संत्र्याचे बगीचे पुष्कळ आहेत. संत्र्याला वेळेवर पाणी लागते. आमच्या वावरात विहीर आहे, पण लाइन कधी दिवसा राहते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बाबा काठी अन् बॅटरी घेऊन ओलिताला जातात. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या पायाजवळून परड साप गेला. तेव्हापासून बाबा घरी येईपर्यंत माय झोपत नाही. म्हणून आमच्या घरी सोलर पंपाची गोष्ट रोज निघते. सरकारची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ साली निघाली. तिच्यात शेतकऱ्याने किमतीचे १० टक्के भरायचे व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के.

सोलरच्या प्लेटीत सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. त्यांना सेल म्हणतात. सिलिकॉन वाळूपासून काढतात. ऊन पडले की चकतीतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेतून वाहतात, तीच वीज. पण प्लेट सगळं ऊन वापरत नाही. १०० भाग ऊन पडले तर फक्त २० ते २२ भागांची वीज होते. बाकीच्याची बहुतेक उष्णता होते. म्हणूनच दुपारी प्लेटीला हात लावला की चटका बसतो.

असे का होते, ते गुरुजींनी चाळणीवरून सांगितले. उन्हात इंद्रधनुष्याचे सगळे रंग असतात. निळ्या रंगात जोर जास्त, तांबड्यात कमी. सिलिकॉन तांबडा रंग चांगला धरते, पण निळ्याचा जास्तीचा जोर वाया घालवते. मग एकाखाली एक दोन चाळण्या ठेवल्या तर? वरची निळा-हिरवा धरेल, तांबडा खाली सोडेल. तो खालचे सिलिकॉन धरेल. वरच्या चाळणीसाठी जो पदार्थ सापडला त्याचे नाव पेरोव्स्काईट. (हे नाव गुरुजींना फळ्यावर तीनदा लिहावे लागले.) त्याचा पहिला सेल जपानात मियासाका नावाच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली केला, तेव्हा १०० मधले ४ भागसुद्धा जमले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालू आहे. मुंबईला पवई येथे आयआयटीत २०१० पासून सौर विजेचे राष्ट्रीय केंद्र आहे. तिथे प्रा. दिनेश काबरा व त्यांच्या सोबत्यांनी असा जोडसेल केला. तो जवळजवळ ३० भाग वीज देतो. मी हिशेब केला. एक चौरस मीटरवर भर दुपारी सुमारे १००० वॅट ऊन पडते. ३००० वॅट पाहिजे असतील तर २० भागवाल्या प्लेटी १५ चौरस मीटर लागतील, ३० भागवाल्या १० चौरस मीटर. पाच चौरस मीटर वाचले! बाबा हसले. म्हणाले, "तेवढ्यात संत्र्याचं एक झाड बी नाही बसत." पण लोखंड, काच, मजुरी कमी लागेल, हे त्यांनी कबूल केले.

मग ह्या प्लेटी सगळीकडे का नाहीत? इथेच खरी अडचण आहे. चीनच्या लाँगी कंपनीने २०२४ साली ३४ च्या वर भाग काढून दाखवले, पण तो सेल बोटाच्या नखाएवढा होता. त्याच वर्षी ब्रिटनच्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने मोठ्या प्लेटी विकल्या, त्यांचे साडेचोवीसच भाग भरले. मोठे केले की कमी होते.

माय अंगण सारवते ते मी पाहिले आहे. हातभर जागा कोणीही सारखी सारवेल. पूर्ण अंगण सारवताना कुठे जाड होते, कुठे पातळ, कुठे भोक राहते. पेरोव्स्काईटचा थर तर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. त्यात बारीक भोक राहिले की तिथून वीज वाया जाते. दुसरे म्हणजे त्याला ओल सोसत नाही आणि फार उष्णताही सोसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, मग पावसाळा! साधी प्लेट २५ वर्षे चालते, तेवढी हिनेही चालायला पाहिजे. त्यात थोडे शिसेही असते. शिसे विषारी असते, म्हणून थर दोन काचांत पक्का बंद करावा लागतो.

हे मोठे सेल करून पाहण्यासाठी केंद्र सरकारने २०२५ साली पवईच्या आयआयटीतूनच निघालेल्या एका नव्या कंपनीला पैसे देण्याचे जाहीर केले.

बाबांनी गुरुजींना विचारले, "मंग आमी नव्या प्लेटीसाठी थांबाचं का?" गुरुजी म्हणाले, "थांबू नका. आत्ताची प्लेटही दिवसाच पाणी देते." दुसऱ्याच दिवशी बाबांनी सातबारा काढून आणला. माय म्हणाली, आधीच काढायला पाहिजे होता.

शेजारी मी दोन चाळण्यांचे चित्र चिकटवले आहे. निळा खडू संपल्यामुळे वरच्या चाळणीतल्या दोन रेघा जांभळ्या आहेत, त्या निळ्या समजाव्या.